मोंढ्यातील आडत व्यापारी संघटना

मोंढा म्हणजे मराठवाड्यातील धान्याचा घाऊक बाजार. तिथल्या आडत्यांची, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलाली घेऊन विकून देणाऱ्यांची, आणि खरेदीदारांची संघटना लहानमोठ्या बहुतेक शहरांत आढळते. सौद्याची वेळ, बाजाराच्या सुट्ट्या, पैसे चुकते करण्याची मुदत आणि सभासदांमधले तंटे ती पाहते. माल उचलून पैसे थकवणाऱ्या खरेदीदाराला संघटनेने सौद्यात उभे राहू दिले नाही, तर त्याचा धंदा बसतो. हा धाक कोणत्याही लेखी नियमापेक्षा जुना आहे.

हैदराबाद संस्थानात १९३० साली शेतमाल बाजाराचा कायदा झाला. त्याआधी भाव, वजन आणि कपात पेढीच्याच हाती असे. दोघे व्यापारी रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरवत आणि मालाच्या धन्याला भाव सर्वांत शेवटी कळे. हिशोबपट्टीत आडत (आडत्याची दलाली), हमाली, तोलाई तर असेच, शिवाय कडता (वजनातली कपात) आणि धर्मादायही कापला जाई. धर्मादायातून गोशाळा, मंदिरे, धर्मशाळा चालत. या दानाचा मान पेढ्यांना मिळाला, पण त्यातला मोठा वाटा शेतकऱ्याच्या पट्टीतून गेलेला होता, हे नोंदवलेच पाहिजे.

लातूर हे अशा मोंढ्याचे ठळक उदाहरण. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे तिथवर पोचली, १९१७ मध्ये गंजगोलाई ही गोलाकार बाजारपेठ बांधली गेली आणि तिला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर बाजार वाढला. मारवाडी, गुजराती, लिंगायत पेढ्या शेजारी-शेजारी नांदल्या. पुढे तूर, डाळमिल आणि सोयाबीन यांनी या बाजाराचे नाव राज्याबाहेर नेले. वेळा अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या शेतपूजेच्या सणाला, मात्र इथले सौदे बंद असतात, कारण सगळे शहरच शिवारात जेवायला गेलेले असते.

राज्याचा बाजार समिती कायदा १९६३ चा. समितीच्या संचालक मंडळात व्यापारी-आडत्यांना दोन आणि हमाल-मापाड्यांना एक जागा मिळते. दोन जागांवर फारसे काही अडत नाही. संघटनेचे खरे बळ सौदा बंद ठेवण्यात आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये हमीभावापेक्षा कमी दराने खरेदी केल्यास एक वर्ष कैद आणि ५० हजार रुपये दंड, अशी तरतूद येणार असे कळताच लातूरसह अनेक बाजारांत खरेदी थांबली. सरकारने खुलासा केल्यावरच व्यवहार सुरळीत झाले. व्यापाऱ्यांची भीती समजण्यासारखी होती, कारण मालाचा दर्जा आणि ओलावा पाहूनच भाव ठरतो. पण अशा बंदचा पहिला फटका सणासाठी किंवा दवाखान्यासाठी दोन पोती विकायला निघालेल्या माणसाला बसतो. संघटनांनी आधी जाहीर केल्याशिवाय बंद पाळू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आता प्रक्रिया कारखाने थेट खरेदी करतात आणि भाव मोबाइलवर कळतो. तरीही पेरणीच्या तोंडावर बियाण्या-खतासाठी उचल आडत्याच देतो, म्हणून सुगीत त्या घरचा माल त्याच्याच दुकानी उतरतो.