उड्डाणयोग्यता नियमांच्या मसुद्यावरील हरकती व सूचना (लहान विमानांचे भाग)

लहान विमानांचे सुटे भाग, जोडण्या आणि उपकरणे यांच्या सुरक्षिततेविषयी नवा नियम किंवा सक्तीचा निर्देश लागू करण्यापूर्वी त्याचा मसुदा प्रसिद्ध करून विमानमालक, उड्डाण प्रशिक्षण संस्था, कारखानदार, देखभाल अभियंते व इतर कोणाही व्यक्तीकडून लेखी मते मागवण्याची पद्धत. प्रस्तुत नोंदीत ‘लहान विमान’ म्हणजे अमेरिकेच्या नियमावलीच्या २३ व्या भागाच्या मर्यादेत येणारे, जास्तीत जास्त १९ प्रवासी आसनांचे आणि ८,६१८ किलोग्रॅमपर्यंत उड्डाणवजनाचे विमान. प्रशिक्षणात वापरली जाणारी सेसना १७२ किंवा पायपर पीए-२८ ही विमाने या मर्यादेच्या पुष्कळ खाली येतात. त्यांचे मूळ प्रमाणन २३ व्या भागाच्या आधीच्या नागरी हवाई नियमांनुसार झालेले आहे, आणि जुन्या विमानाला नवा नियम कितपत लावावा हा वाद तेथूनच सुरू होतो.

मसुदे दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार सर्वसाधारण मानकांचा. २३ व्या भागाची पूर्ण फेररचना डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झाली व ३० ऑगस्ट २०१७ पासून लागू झाली, तिचा मसुदा या प्रकारात मोडतो. असे प्रसंग विरळा. दुसरा प्रकार एखाद्या विशिष्ट मॉडेलच्या विशिष्ट भागाविषयीच्या उड्डाणयोग्यता निर्देशाचा: पंखाच्या तुळईचे (पंखाचा भार पेलणाऱ्या मुख्य आडव्या दांड्याचे) बोल्ट, इंजिनाचा सिलिंडर, आसनाची पट्टी, इंधनाची नळी. व्यवहारात हरकती येतात त्या बहुतेक या दुसऱ्या प्रकारावर, आणि प्रस्तुत नोंदीतील विवेचनही मुख्यतः त्यालाच धरून आहे.

उगम : या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. विमानवाहतुकीवरील लेखनात तो सहसा अमेरिकेच्या १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यात दाखवला जातो. प्रस्तावित नियमाची सूचना फेडरल रजिस्टर या शासकीय पत्रात (हे १९३६ पासून निघते) छापावी, इच्छुकांना लेखी मत मांडण्याची संधी द्यावी आणि अंतिम नियमासोबत त्याचा आधार व हेतू थोडक्यात सांगावा, हे त्या कायद्याने बंधनकारक केले. प्रशासकीय कायद्याचे अभ्यासक मात्र ही कल्पना आणखी मागे नेतात. ब्रिटनमधील १८९३ च्या नियम प्रसिद्धी कायद्यानुसार काही वैधानिक नियम करण्याचा इरादा किमान चाळीस दिवस आधी लंडन गॅझेटमध्ये जाहीर करावा लागे. अमेरिकेत ही तरतूद आली त्याच वर्षी, म्हणजे १९४६ मध्ये, ब्रिटनने नवा कायदा करून ती काढून टाकली, हा योगायोग लक्षणीय आहे.

भारतातील शाखा या दोहोंपेक्षा वेगळी दिसते. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २३ मध्ये ‘पूर्वप्रसिद्धी’ची रीत बांधून दिलेली आहे. मसुदा प्रसिद्ध करायचा, तो कोणत्या तारखेनंतर विचारात घेतला जाईल ते जाहीर करायचे आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती व सूचनांचा विचार करायचा. नगरपालिकांचे उपविधी, बाजार समित्यांचे नियम, विकास आराखडे यांवरील हरकतींची आपल्याला परिचित असलेली पद्धत याच परंपरेतली आहे. त्यामुळे भारतातील विमाननियमांवरील हरकतींचे मूळ अमेरिकेत शोधण्यापेक्षा १८९७ च्या कायद्यात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. प्रत्येक हरकतीला छापील उत्तर देण्याचा प्रघात मात्र अमेरिकी आहे. भारतीय कलमात तशी सक्ती नाही, उलट पूर्वप्रसिद्धीनंतर केलेला नियम राजपत्रात छापून आला की तो रीतसर झाल्याचा तोच निर्णायक पुरावा मानला जातो.

या नोंदीच्या शेवटी ज्याचा विचार केला आहे त्या सातारा-सांगली भागापुरते पाहिल्यास १८९७ च्या कायद्याची व्याप्तीही एकसारखी नव्हती. १८४८ मध्ये खालसा झालेला साताऱ्याचा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानात होता, तर सांगली, औंध, फलटण ही संस्थाने त्याबाहेर होती. १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी औंध संस्थानच्या हद्दीत होती. दक्षिणेतील संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली, पुढील वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे सर्व जिल्ह्याला सरसकट लागू झाले ते या विलीनीकरणानंतर. हवाई कायद्याच्या दृष्टीने हा तपशील गौण असला, तरी ‘१८९७ पासून सर्वत्र’ असे विधान येथे करता येत नाही.

अमेरिकेतील कार्यपद्धती : एखाद्या भागात धोकादायक दोष असून तो त्याच रचनेच्या इतर विमानांतही असण्याचा किंवा उद्भवण्याचा संभव असेल, तर संघीय विमानवाहतूक प्रशासन (एफएए) नियमावलीच्या ३९ व्या भागाखाली निर्देश काढते. मसुद्यावर मते देण्यास साधारणतः ४५ दिवस मिळतात. धोका तातडीचा असल्यास मसुद्याची पायरी गाळून थेट अंतिम निर्देश निघतो आणि मते नंतर मागवली जातात. मसुद्यात खर्चाचा अंदाज द्यावा लागतो. त्यात दीर्घकाळ मजुरीचा दर ताशी ८५ डॉलर धरला गेला आणि लहान विमानांच्या मालकांची ठरलेली तक्रार या अंदाजावर असते. पंख उतरवून पुन्हा बसवण्याच्या कामाचे तास कागदावर कमी दाखवले जातात, असे त्यांचे म्हणणे. यात तथ्य असू शकते, पण खर्चाच्या आकड्यावरील हरकतीने निर्देशाचा गाभा सहसा बदलत नाही. बदल झालेला दिसतो तो बहुधा निर्देश कोणत्या मॉडेलना लागू, तपासणीची मुदत किती आणि तपासणीची रीत कोणती, या तीन ठिकाणी.

पायपर पीए-२८ च्या पंखतुळईचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ४ एप्रिल २०१८ रोजी फ्लोरिडातील डेटोना बीच येथे प्रशिक्षणाच्या उड्डाणात एका पीए-२८आर-२०१ विमानाचा डावा पंख तुटून विमान कोसळले व दोघे मृत्युमुखी पडले. विमानाचे उड्डाण ७,६९० तास झालेले होते. तुळईच्या खालच्या पट्टीत, बोल्टच्या छिद्रापाशी, धातूच्या थकव्याने पडलेली चीर आढळली. अशाच स्वरूपाचा अपघात १९८७ मध्ये टेक्सासमध्ये घडला होता, त्यावेळी काढलेला निर्देश पुढे मागे घेण्यात आला. २१ डिसेंबर २०१८ रोजी एफएएने नव्या निर्देशाचा मसुदा प्रसिद्ध केला. छिद्रांची भोवरा-प्रवाह पद्धतीने (धातूत प्रेरित विद्युत्प्रवाह निर्माण करून चिरा शोधण्याची रीत) तपासणी करावी, ही त्यातील मुख्य मागणी.

कोणत्या विमानाची तपासणी करायची हे ठरवण्यासाठी त्यात ‘गुणित सेवातास’ ही मोजणी आणली गेली. तिची रीत अशी: विमानाच्या जितक्या शंभर-तासी तपासण्या (प्रशिक्षण वा भाड्याच्या विमानाची दर शंभर उड्डाणतासांनी होणारी तपासणी) झाल्या असतील त्यांची संख्या गुणिले १००, हे प्रशिक्षण किंवा भाड्याच्या वापराचे तास समजायचे. एकूण तासांतून ते वजा करून उरलेल्या तासांना १७ ने भागायचे आणि दोन्हींची बेरीज करायची. बेरीज ५,००० च्या पुढे गेली की तपासणी. १२,१०० तास उडालेल्या, पण केवळ पाच शंभर-तासी तपासण्या झालेल्या खासगी विमानाचे गुणित तास सुमारे १,१८२ भरतात. तेवढेच तास प्रशिक्षणात उडालेले विमान मर्यादा केव्हाच ओलांडून जाते. वारंवार उतरणे-उडणे, कमी उंचीवरची घिरट्यांची उड्डाणे आणि नवशिक्यांचे कठोर अवतरण यांनी पंखमुळावर येणारा ताण सामान्य प्रवासाच्या ताणापेक्षा फार वेगळा असतो, हे या भागाकारामागचे गृहीतक होय.

हरकतींचा भर याच गृहीतकावर आणि नोंदवह्यांवर राहिला. जुनी नोंदवही हरवली असेल तर शंभर-तासी तपासण्या मोजायच्या कशा? बोल्ट काढून पुन्हा बसवताना छिद्रालाच इजा होण्याची शक्यता विचारात घेतली आहे काय? काही मॉडेलांच्या पंखांवर इतका भार येतच नाही, तर ती यादीत का? जून २०२० मध्ये सुधारित मसुदा पुन्हा मतांसाठी काढण्यात आला, त्यात लागू मॉडेलांची यादी फेरविचार करून बदललेली होती. अंतिम निर्देश (क्रमांक २०२०-२६-१६) १६ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. अपघातापासून निर्देशापर्यंत जवळजवळ तीन वर्षे गेली. हा काळ अक्षम्य मानणारे लेखक आहेत. १९८७ चा घाईने काढलेला निर्देश मागे घ्यावा लागला होता, हे ध्यानात घेता विलंबाकडे थोडे सहानुभूतीने पाहणारे मत जास्त समतोल वाटते.

दुसरे उदाहरण काँटिनेंटल ५२० व ५५० इंजिनांवर बसवलेल्या, मूळ उत्पादकाव्यतिरिक्त कंपनीने बनवलेल्या सिलिंडरांचे. २०१३ च्या मसुद्याला मोठा विरोध झाला, दोन सुधारित मसुदे निघाले आणि अंतिम निर्देश २०१६ मध्ये आला. पर्यायी उत्पादकाला ‘भाग-निर्माता मान्यता’ (बदली भाग बनवून विकण्याची एफएएची परवानगी) असते. अशा भागांवरील मसुद्यात तांत्रिक व व्यापारी हेतू वेगळे काढणे कठीण जाते.

युरोप : युरोपीय विमान सुरक्षा संस्था प्रस्तावित निर्देश साधारण २८ दिवस मतांसाठी खुला ठेवते व आलेल्या मतांची उत्तरे स्वतंत्र दस्तऐवजात देते.

भारत : विमान अधिनियम, १९३४ अन्वये नियम करण्यास पूर्वप्रसिद्धीची अट होती. विमान नियम, १९३७ मधील नियम १३३-अ नुसार नागरी विमान महासंचालनालयाने (डीजीसीए) नागरी विमानवाहतूक आवश्यकता काढण्यापूर्वी मसुदा तीस दिवस संकेतस्थळावर ठेवून बाधित होऊ शकणाऱ्या व्यक्तींकडून हरकती व सूचना मागवाव्यात, असे ठरले. सार्वजनिक हितासाठी महासंचालकांना ही अट लेखी आदेशाने शिथिल करता येते. १९३४ च्या अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. यांखेरीज २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणात सर्व मंत्रालयांसाठी किमान तीस दिवसांची मुदत सुचवलेली आहे. २०१६ मध्ये दूरध्वनी ‘कॉल ड्रॉप’ प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकी धर्तीच्या कायद्याचा विचार संसदेने करावा, असे सुचवले होते.

विशिष्ट भागांवरील निर्देशांबाबत मात्र भारतातील चित्र निराळे आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक करारनाम्याच्या आठव्या परिशिष्टानुसार (स्वीकार १९४९) ज्या देशात विमानाची रचना झाली तो देश सक्तीची उड्डाणयोग्यता माहिती कळवतो. नोंदणी करणारा देश ती थेट स्वीकारतो किंवा तपासून योग्य ती कारवाई करतो. अमेरिकी बनावटीच्या विमानाच्या तुळईविषयीचा निर्देश त्यामुळे येथे येतो तो बहुधा पक्क्या स्वरूपात. त्यावर दिल्लीत वेगळी हरकतींची फेरी सहसा होत नाही. मत मांडायचे तर ते अमेरिकेतील मसुद्याच्या मुदतीतच मांडावे लागते. तेथे मत देण्यास नागरिकत्वाची अट नाही, ही बाब आपल्याकडे फारशी ध्यानात घेतली जात नाही. उष्ण व दमट हवेतील गंज, धूळ, वर्षाकाठी होणारी अवतरणे अशी माहिती परदेशी मसुदाकारांकडे असेलच असे नाही. ती तपासणीच्या नोंदी, छायाचित्रे आणि भाग क्रमांक यांसह पाठवली तर तिचे वजन पडते. ‘खर्च परवडत नाही’ एवढ्याच आशयाच्या पत्राचे तसे पडत नाही.

सातारा व सांगली जिल्हे : कराडजवळील विमानतळ १९५० च्या दशकात कोयना धरण प्रकल्पाच्या सोयीसाठी बांधला गेला. धावपट्टी सुमारे १,२८० मीटर लांब असून लहान विमाने व प्रशिक्षण उड्डाणे यांसाठी तिचा उपयोग झाला आहे. तिच्या विस्तारासाठी होणाऱ्या भूसंपादनाला परिसरातील शेतकऱ्यांनी दीर्घकाळ विरोध केला. हरकत, सुनावणी, मोर्चा हे शब्द या भागात विमानतळाशी जोडले गेले ते जमिनीच्या प्रश्नातून. त्याच धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाच्या बोल्टविषयीच्या मसुद्याची चर्चा चावडीवर होण्याचे कारण नाही, आणि होतही नाही. सांगलीजवळ कवलापूर येथील जुनी धावपट्टी नियमित वापरात नाही.

उद्योगाच्या बाजूने पाहता साताऱ्याची औद्योगिक वसाहत, किर्लोस्करवाडी, पलूस आणि कुपवाड येथे फौंड्री व मशीनिंगची परंपरा आहे. तेथील मुख्य काम पंप, इंजिने व वाहनांचे भाग यांचे. विमानाचा भाग बनवायचा तर रचनेची व उत्पादनाची मान्यता लागते, आणि ती सामान्यतः जॉबवर्क करणाऱ्या कारखान्याकडे नसून काम देणाऱ्या कंपनीकडे असते. परिणामी नियमातील बदल अशा कारखान्यापर्यंत राजपत्रातून पोहोचत नाही. तो सुधारित ड्रॉइंग, बदललेली उष्णोपचाराची अट किंवा प्रत्येक नगावर हीट नंबर (धातूच्या एका वितळणीचा ओळखक्रमांक) कोरण्याची नवी सूचना या रूपाने येतो. तोवर हरकतीची मुदत संपलेली असते. मसुद्याच्या टप्प्यावर लघुउद्योगांवरील परिणाम तपासण्याची तरतूद अमेरिकेत १९८० च्या कायद्याने आहे, पण ती तेथील लघुउद्योगांपुरती.

अंतिम निर्देशानंतरही एक वाट मोकळी राहते. तीच सुरक्षितता दुसऱ्या रीतीने साधता येते असे दाखवून देणाऱ्यास ‘अनुपालनाची पर्यायी रीत’ मंजूर करून घेता येते. त्यासाठीचा अर्ज तांत्रिक पुराव्यासह संबंधित प्राधिकरणाकडे करावा लागतो आणि मंजुरी मिळेपर्यंत मूळ निर्देशाची मुदत थांबत नाही.