पार्श्वभूमी : बायपासनंतर टाके का पिकतात?

कोकणातल्या माणसाची बायपास बऱ्याचदा मुंबईत होते, नाहीतर घाट चढून कोल्हापुरात. टाके पिकतात ते मात्र कुडाळ-गुहागरात, घरी परतल्यावर. छातीच्या जखमेतला जंतुसंसर्ग बऱ्याचदा डिस्चार्जनंतरच दिसू लागतो. त्यामुळे पहिले बोट चुलीकडे वळते: भात दिलात? बांगडा दिलात? भाताने पू होत नाही, आणि बांगड्यातली प्रथिने जखम भरायला लागतातच. ‘टाळता येण्याजोगी कारणे’ म्हटले की रुग्णाचे पथ्य आठवते; या कारणांचा इतिहास मात्र बराचसा ऑपरेशन करणाऱ्यांच्या सवयींचा आहे.

छातीचे हाड मधोमध कापून हृदयापर्यंत जाण्याची पद्धत १९५७ नंतर रूढ झाली, पायातली शीर जोडून बायपास १९६७ नंतर. आदल्या रात्री वस्तऱ्याने सफाई हा तेव्हाचा शिरस्ता. वस्तऱ्याने कातडीला बारीक चिरा पडतात आणि रात्रभर त्यांत जंतू वाढतात. १९७१ च्या एका पाहणीत वस्तरा फिरवलेल्या रुग्णांत संसर्ग ५.६ टक्के निघाला, केस तसेच ठेवलेल्या किंवा क्रीमने काढलेल्यांत ०.६ टक्के. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचनांतही ‘वस्तरा नको’ हे लिहावे लागले.

खरा गुंता साखरेचा. ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे’ या एका वाक्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, ऑपरेशनपूर्वीच्या तीनेक महिन्यांची सरासरी. ती थोडीफार रुग्णाच्या हातात. दुसरी, ऑपरेशननंतरच्या दोन-तीन दिवसांतली. ती सर्वस्वी आयसीयूच्या हातात. शस्त्रक्रियेच्या ताणाने तर मधुमेह नसलेल्याचीही साखर चढते. पूर्वी ठरावीक तासांनी कातडीखाली इन्सुलिन टोचत. १९९९ च्या एका अभ्यासात मधुमेही रुग्णांना शिरेतून सतत इन्सुलिन दिल्यावर छातीतला खोल संसर्ग २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आला. मग उत्साह वाढला. २००१ च्या आणखी एका अभ्यासानंतर साखर ८० ते ११० मध्येच ठेवायची टूम निघाली. २००९ च्या मोठ्या चाचणीने ती मोडली: इतकी कडक पकड ठेवलेल्या गटात मृत्यू अधिक झाले, साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंगही वाढले. तेव्हापासून साधारण १८० च्या आत ठेवणे पुरेसे मानतात. पण त्या चाचणीत आयसीयूतले सगळ्या तऱ्हेचे रुग्ण होते, नुसते हृदयाचे नव्हेत. त्यामुळे वाद पुरता मिटलेला नाही. यातला एकही निर्णय घरच्या पेजेशी संबंधित नव्हता.

छातीच्या आतल्या दोन्ही धमन्या बायपाससाठी काढल्या तर हाडाचा रक्तपुरवठा घटतो, मधुमेही आणि स्थूल रुग्णांत धोका वाढतो. हीही सर्जनची निवड. अँटिबायोटिकची वेळही तशीच: पहिला डोस चिरेच्या तासभर आधीच्या अवधीत हवा, नंतर दिलेला तितका उपयोगी नाही.

राहता राहिला तंबाखू. तो रुग्णाच्या बाजूचा, पण प्रश्न नीट विचारला जात नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचते. म्हणून महिनाभर आधी सोडायला सांगतात. फॉर्मवर असते ‘धूम्रपान?’ आणि पन्नास वर्षे रोज सकाळी मशेरी लावणारी आजी खरेपणाने सांगते, ‘नाय ओ, मी कधी विडी ओढली नाय.’