रेड लेक काउंटीत रेड लेक नाहीये हो

जानेवारीत आमच्या ग्रुपमधला एक जण ट्विन सिटीजहून (मिनिआपोलिस-सेंट पॉल) पाच तास गाडी हाणत रेड लेकवर आईस फिशिंगला निघाला आणि पोचला कुठे, तर रेड लेक फॉल्सला. तिथून फोन, अरे लेक कुठाय, इथे नुसती बर्फाखालची शेतं आणि एक गोठलेली नदी आहे. मला हसूही आलं नाही, कारण हा माझ्या ओळखीतला तिसरा. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन.

अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य म्हणजे हजारो तलाव, काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा तुकडा, हे तुम्हाला माहीतच आहे. रेड लेक काउंटी हा असाच एक तुकडा, वायव्य मिनेसोटात. ४३२ चौरस मैल, मुख्यालय रेड लेक फॉल्स, बाकी प्लमर, ओक्ली, ब्रुक्स अशी चिमुकली गावं. २००० साली लोकसंख्या ४,२९९, २०१० ला ४,०८९, २०२० ला ३,९३५, म्हणजे हळूहळू ओसरतेय. जिल्हा म्हणायचं खरं पण माणसं आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी गावाएवढी, चौरस मैलाला नऊ. जमीन सपाट, कारण हजारो वर्षांपूर्वी इथे अगॅसिझ नावाचं हिमयुगातलं प्रचंड सरोवर होतं, ते ओसरलं आणि मागे काळी माती ठेवून गेलं. गहू, सोयाबीन. लोक बहुतेक गोरे, त्यात फ्रेंच कॅनेडियन घराणी बरीच, कारण १८७० च्या दशकात पिएर बोतिनो नावाच्या मेटी (फ्रेंच आणि मूळनिवासी अशा मिश्र वंशाच्या) वाटाड्याने त्यांना इकडे आणून वसवलं.

आता नाव. काउंटीला नाव मिळालं रेड लेक नदीवरून, लेकवरून नाही. रेड लेकचे जोडलेले दोन भाग आहेत, अप्पर आणि लोअर. नदी लोअर रेड लेकमधून निघते, पश्चिमेला थीफ रिव्हर फॉल्सवरून वळसा घेत रेड लेक फॉल्सला येते, तिथे तिला क्लिअरवॉटर नदी मिळते, मग क्रुकस्टन करून ईस्ट ग्रँड फोर्क्सला रेड रिव्हरमध्ये जाते. (हो, रेड रिव्हर ही अजून वेगळी. नावं ठेवताना कंटाळा केलाय लोकांनी.) रेड लेक फॉल्स हे गाव आणि लेकच्या काठचं रेड लेक हे गाव जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, पण मध्ये सरळ रेषेत सुद्धा साधारण ६० मैल. काउंटीला शेजारी दोनच, पोक आणि पेनिंग्टन, आणि लेकचा काठ यांपैकी कुणालाच लागत नाही, तो बेल्ट्रामी आणि क्लिअरवॉटर काउंटीत. थोडक्यात नाव इथे आणि लेक नांदतेय दुसऱ्याच्या घरी.

इथवर बहुतेकांना पटतं. घोळ होतो तो पुढे, आणि तो मला जास्त खुपतो. लोक म्हणतात ठीक आहे, लेक बेल्ट्रामी काउंटीत, म्हणजे काउंटीचं नाव बदलायचं फक्त. नाही ना! ते पाणी आणि भोवतालची जमीन मुख्यतः रेड लेक नेशनची आहे, म्हणजे ओजिब्वे या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांची. आता रिझर्वेशन म्हटलं की आपल्या डोक्यात एकतर आरक्षण येतं नाहीतर रेल्वेचं तिकीट, आणि ज्यांच्या डोक्यात ही दोन्ही येत नाहीत ते म्हणतात 'सरकारने इंडियन लोकांना दिलेली जमीन'. हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. कुणी दिली नाहीये, त्यांनी सोडली नाही म्हणून उरलेली आहे. १८६३ ला ओल्ड क्रॉसिंगच्या तहात रेड लेक आणि पेम्बिना ओजिब्वेंकडून रेड रिव्हर खोऱ्यातली कोटभर एकर जमीन घेतली गेली, आणि गंमत बघा, तो तह झाला ती जागा आजच्या रेड लेक काउंटीतच आहे, ह्यूओ गावापाशी, नदीकाठी. म्हणजे ही काउंटी १८९६ ला पोक काउंटीतून कापून काढली ती त्याच सोडायला लावलेल्या जमिनीवर. तहानंतर १८८९ च्या नेल्सन कायद्याने जमिनीचे माणशी तुकडे पाडायचं ठरलं, इतर रिझर्वेशनांवर तसं झालं आणि तुकडे विकले जाऊन बाहेरच्यांच्या हातात गेले. रेड लेकच्या पुढाऱ्यांना तेव्हाही बरीच जमीन सोडावी लागली, पण उरलेल्याचे तुकडे पाडायला ते नाही म्हणाले. म्हणून आजही ती सगळी सामाईक आहे, कुणाच्या नावावर सातबारा नाही असं समजा. १९५३ च्या पब्लिक लॉ २८० या कायद्याने काही राज्यांच्या कोर्टांना रिझर्वेशनांवर अधिकार दिले, त्यातूनही रेड लेक वगळलेलं, त्यामुळे तिथे राज्याच्या कोर्टाचं चालत नाही, नेशनचं आणि फेडरल सरकारचं चालतं. गाड्यांच्या नंबरप्लेट सुद्धा १९७४ पासून स्वतःच्या. हे सगळं असताना त्याला 'बेल्ट्रामी काउंटीचा एक भाग' म्हणणं नकाशावर बरोबर आणि बाकी सगळ्यात चूक.

लोकसंख्येतही तीच गल्लत. कुणीतरी जनगणनेत 'रेड लेक' शोधतो, ३,९३५ आकडा उचलतो आणि लिहितो की एवढे ओजिब्वे. तो आकडा गहू पेरणाऱ्यांचा आहे राजा. रिझर्वेशनवर राहणारे साधारण साडेपाच हजार, रेड लेक, रेडबी, लिटल रॉक आणि पोनेमा या वस्त्यांत, आणि नेशनचे नोंदणीकृत सदस्य त्याहून बरेच जास्त कारण कितीतरी जण मिनिआपोलिस नि बमिजीला असतात.

काउंटीची चेष्टा करायचा हेतू नाही बरं. ती आधीच एकदा झालीय. २०१५ ला वॉशिंग्टन पोस्टच्या क्रिस्टोफर इंग्राहमने कृषी खात्याच्या एका यादीवरून, जिच्यात हवामान, डोंगरउतार आणि पाण्याचं क्षेत्र असे निकष होते, या काउंटीला देशातली राहायला सगळ्यात वाईट जागा म्हटलं. नावात लेक आणि पाणी मोजणाऱ्या यादीत शेवटचा नंबर! लोक चिडले, त्याला बोलावून घेतलं, आणि पुढच्या वर्षी गडी बायकापोरांसकट तिथेच राहायला गेला. मला विचाराल तर उन्हाळ्यात टायरट्यूबवर बसून नदीत तरंगायला रेड लेक फॉल्सच बेस्ट.

मासे हवेत तर मात्र जीपीएसमध्ये 'रेड लेक' टाकूच नका, 'वास्किश' टाका, ते अप्पर रेड लेकच्या काठचं गाव. अप्पर रेड लेकचा पूर्वेकडचा सुमारे ४८,००० एकरांचा भाग तेवढा राज्याच्या ताब्यात आहे, तिथे मिनेसोटाचं लायसन्स चालतं. पाण्यातली ती रेषा ओलांडून पलीकडे गळ टाकायचा नाही, अख्खा लोअर रेड लेक आणि अप्परचा उरलेला भाग नेशनचा. नव्वदच्या दशकात इथला वॉलआय हा मासा बेसुमार मासेमारीने जवळजवळ संपला होता, १९९९ पासून नेशनने आणि राज्याने मिळून मासेमारी बंद ठेवली, पिल्लं सोडली, तेव्हा कुठे २००६ ला पुन्हा उघडली. ऑन्टारियोत सोन्याच्या खाणींचं एक रेड लेक आहे ते तिसरंच, तिकडे जाताना पासपोर्ट घ्या.