ठाणे उपपरिसर, मुंबई विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाचे ठाणे शहरातील बाळकुम येथील शैक्षणिक व प्रशासकीय केंद्र. कामकाजाची सुरुवात साधारणतः २०१४ मध्ये झाल्याचे मानले जाते.

'उपकेंद्र' म्हणावे की 'उपपरिसर', याबाबत वापरात एकवाक्यता नाही. १९८९ च्या रत्नागिरी शाखेमुळे 'उपकेंद्र' हा शब्द रुळला आणि तोच ठाण्यालाही सर्रास लावला जातो. मात्र १ मार्च २०१७ पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये उपपरिसराच्या संचालकाची गणना विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांत होते. त्यामुळे 'उपपरिसर' हीच संज्ञा अधिक ग्राह्य ठरावी. दोहोंपैकी कोणतीही वापरली, तरी हे स्वतंत्र विद्यापीठ नव्हे. पदवी आणि अधिसभा (सिनेट) मुंबई विद्यापीठाचीच.

या रचनेचे मूळ विद्यापीठाच्या घडणीत आहे. १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेणारे होते. शिकवणे महाविद्यालयांकडे असे. विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग विसाव्या शतकात उभे राहिले. ठाणेकर विद्यार्थ्याचा वर्ग म्हणूनच चेंदणी बंदर रोडवरील ज्ञानद्वीप या शैक्षणिक संकुलात, जोशी-बेडेकर किंवा बांदोडकर महाविद्यालयात भरे. विद्यापीठाशी त्याची गाठ पडे ती हॉल तिकिटावर आणि गुणपत्रिकेवर.

गुणपत्रिकेत नावाचे एक अक्षर चुकले, तर मात्र कुर्ल्याला उतरून पश्चिमेकडून बस किंवा शेअर रिक्षाने विद्यापीठाचे कलिना संकुल गाठावे लागे. तेथे महात्मा ज्योतिराव फुले भवनातील परीक्षा विभागात अर्ज, पावती, झेरॉक्स, आणि पुन्हा केव्हा यायचे ती तारीख. शहापूर-मुरबाडकडून येणाऱ्याचा यात अख्खा दिवस मोडे. बाळकुमच्या प्रशासकीय इमारतीतील एक खिडकी योजनेचे मोल या हेलपाट्यांच्या हिशेबातच कळते; अभ्यासक्रमांपेक्षा उपपरिसराची ही बाजू अधिक महत्त्वाची मानावी लागेल. जागाही त्या दृष्टीने सोयीची आहे. कापूरबावडीहून कशेळीमार्गे भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाळकुम नाका लागतो.

अध्यापनात विधी शाखा प्रमुख असून व्यवस्थापनाचे अभ्यासक्रमही चालवले जातात.