खान्देशातल्या घरात समुद्र थंड कसा राहतो?

जळगाव-भुसावळकडे कुणी घरात खाऱ्या पाण्याची टाकी लावायचं म्हटलं की पहिला सल्ला फुकटात मिळतो: "मे महिन्यात मासे उकडून निघतील." दुसरा सल्ला मुंबईहून येतो: "तुमच्याकडे पंचेचाळीस अंश, म्हणजे चिलर घ्यावाच लागणार." चिलर म्हणजे टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र. पहिलीच टाकी लावणाऱ्याला त्याचा भाव ऐकून बहुतेक वेळा छंदच सोडावासा वाटतो. शेजारी तेवढ्यात "काय भो, समुद्र घरमा उना का?" म्हणून हसून जातात ते वेगळंच.

हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. खाऱ्या पाण्याची टाकी थंड ठेवायला मुंबईच्या मे महिन्यापेक्षा जळगावचा मे महिना सोपा जातो. आपल्याकडचा अवघड काळ पहिल्या पावसानंतर सुरू होतो, आणि तेव्हा पारा उतरलेला असल्यामुळे सगळे गाफील असतात. हे असं का, ते या लेखात जरा सविस्तर लिहितो. बाकीच्या गोष्टी ओघाने.

टाकीत प्रवाळ ठेवायचे तर पाणी २४ ते २७ अंशांच्या आसपास हवं. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहतं, उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं. पाणी जास्त तापलं की शैवालाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, ऑक्सिजनची घातक रूपं तयार होऊ लागतात आणि प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो. रंग जातो, पारदर्शक कातडीखालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. समुद्राचं पाणी तिथल्या नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीच्या वर एखाददुसरा अंश चढून काही आठवडे तसंच राहिलं, तर एवढ्यानेही हे घडतं. २०२४ साली जगभर हेच चाललं होतं, आपल्या लक्षद्वीपमध्येही.

आता टाकीच्या पृष्ठभागाकडे बघू. तिथून पाण्याचे रेणू सतत निसटत असतात. निसटतात ते वेगवान. मागे राहिलेल्यांचा सरासरी वेग कमी होतो, म्हणजेच पाणी गार होतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४३० किलोज्यूल उष्णता लागते. १०० लिटर खारं पाणी एका अंशाने उतरवायचं तर सुमारे ४१० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. भागाकार करून बघा: फक्त एक लिटर पाणी उडालं आणि बाहेरून उष्णता आत आली नाही, तर टाकी जवळपास सहा अंशांनी खाली येते. बाहेरून उष्णता येतेच, पंप आणि दिवेही पाणी तापवतात, म्हणून प्रत्यक्षात एवढी घसरण दिसत नाही. पण या आकड्याचा आवाका लक्षात ठेवा.

रेणू नुसते जात नाहीत, हवेतले परतही येतात. जाणारे जास्त की येणारे, हे दोन दाबांवर ठरतं. एक, पाण्याच्या लगतच्या वाफेचा दाब; तो फक्त पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतो आणि २६ अंशांना सुमारे ३३.६ मिलीबार भरतो. (मिठामुळे तो दोनेक टक्क्यांनी कमी होतो, ते सोडून देऊ.) दुसरा, खोलीतल्या हवेत आधीपासून असलेल्या बाष्पाचा दाब. जळगावात मेच्या दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरली तर हा दुसरा दाब १४ मिलीबारपेक्षा कमी येतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के धरा, तो येतो ३५.

पुन्हा वाचा. मुंबईच्या हवेतला बाष्पदाब २६ अंशांच्या पाण्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे तिथल्या टाकीवर कितीही पंखा लावा, २६ अंशांच्या पाण्यातून निव्वळ बाष्पीभवन होणारच नाही. उलट हवेतलंच पाणी टाकीत उतरेल. तिथे पंख्याने भागणार नाही, आणि मुंबईच्या दुकानदाराचा सल्ला त्याच्या गावापुरता अगदी बरोबर आहे. जळगावात मात्र पाण्याच्या बाजूने ३३.६ आणि हवेच्या बाजूने १४. एवढी तफावत असल्यावर पाच वॉटचा छोटा पंखा पृष्ठभागावर तिरपा लावला तरी पुरतो.

मग पाणी किती खाली जाऊ शकतं? थर्मामीटरच्या फुग्याला ओली सुती चिंधी गुंडाळा आणि समोर पंखा लावा. पारा घसरत जाऊन एका जागी थांबतो. त्या जागी हवेतून चिंधीत येणारी उष्णता आणि बाष्पीभवनाने जाणारी उष्णता सारखी झालेली असते. याला 'ओल्या फुग्याचं तापमान' म्हणतात. वरच्या आकड्यांवरून जळगावचं ते २३ अंशांच्या आसपास येतं आणि मुंबईचं २८ च्या वर. पंख्याने टाकी यापेक्षा खाली जाऊच शकत नाही आणि काचेतून, पंपातून येणाऱ्या उष्णतेमुळे काही अंश वरच थांबते. पण २३ च्या वर काही अंश आणि २८ च्या वर काही अंश यांत प्रवाळाच्या जीवन-मरणाचा फरक आहे.

इथे एक प्रश्न हमखास येतो. टाकीच्या खोलीत कूलर लावला तर हवा दमट होईल, मग टाकीचं बाष्पीभवन बंद पडेल ना? बाष्पीभवन कमी होईल हे खरं, पण टाकीचं नुकसान होत नाही. कूलर हवेला आर्द्रता देतो, त्याच वेळी तिची उष्णता काढून घेतो. हवेतली एकूण उष्णता, म्हणजे तापमानाच्या रूपातली आणि बाष्पात दडलेली मिळून, जवळपास तेवढीच राहते. नुसता तिचा विभाग बदलतो. त्यामुळे ओल्या फुग्याचं तापमान जागचं हलत नाही. टाकीला पोचायचं होतं ते २३ अंश तिथेच राहतात, वर खोली ३८ ऐवजी २८ अंशांची झाल्यामुळे काचेतून येणारी उष्णता घटते. अट एकच, समोरची खिडकी उघडी हवी. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला तर बाष्प साठत जातं आणि तासाभरात घरात मुंबई होते. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर एवढंच धरून चाला: कूलर चालतो, खिडकी उघडी ठेवा.

आता या फुकटच्या थंडाव्याची किंमत. पाणी उडतं, मीठ उडत नाही. कूलरच्या गवतावर उन्हाळाअखेर जो पांढरा कडक थर बसतो, तो बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा. टाकीत तेच होतं, फक्त दिसत नाही. दिसते ती काचेच्या वरच्या कडेला चढलेली मिठाची खरखरीत किनार. बोट फिरवलं तर साखरेसारखे कण हाताला लागतात.

खान्देशच्या मे महिन्यात, पंखा लावलेल्या १०० लिटरच्या टाकीतून रोज दोन-अडीच लिटर सहज जातं. (अडीच लिटर रोज म्हणजे दिवसरात्र ७० वॉटने उष्णता उपसणं. पाच वॉटच्या पंख्याकडून.) लिटरला ३५ ग्रॅम धरले तर टाकीत साडेतीन किलो मीठ असतं. चार दिवस लक्ष दिलं नाही तर १० लिटर पाणी गेलेलं असतं आणि तेच साडेतीन किलो आता ९० लिटरमध्ये, म्हणजे लिटरला जवळपास ३९ ग्रॅम. हा तांबड्या समुद्राच्या जवळचा खारेपणा. मासा काही प्रमाणात तोंड देतो: तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर फेकतो. प्रवाळाला, गोगलगायीला ही सोय नाही. बाहेर जेवढं खारं, तेवढंच आत.

त्यामुळे उडालेल्या पाण्याची भर रोज घालायची आणि ती गोड्या पाण्याची. नवखे लोक इथे खाऱ्या पाण्याची भर घालतात, कारण टाकी खाऱ्या पाण्याची. मीठ तर गेलेलंच नसतं. कूलरमध्ये असतो तसा फ्लोट बसवून वरच्या डब्यातून पाणी आपोआप येऊ दिलं तर खारेपणा हलत नाही.

गोडं पाणी म्हणजे बोअरचं नव्हे. लिटरला ८०० मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी रोज अडीच लिटर घातलं, तर महिन्याला ६० ग्रॅम नको असलेले क्षार टाकीत साठतात. आपल्याकडे शेतात पडणाऱ्या युरियाचं नायट्रेट विहिरीत उतरतं. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात राहणाऱ्यांनी तर विहिरीच्या पाण्याचा विचारच करू नये. नायट्रेट म्हणजे काचेवर हिरवी लव. आरओचं पाणी वापरा, पण घरच्या पिण्याच्या आरओत चव यावी म्हणून थोडं मूळ पाणी परत मिसळायचा स्क्रू असतो, तो आधी बंद करा. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) आकडा दहाच्या आत आला पाहिजे.

मीठ कोणतं? खायचं नाही. समुद्राच्या मिठात सोडियम आणि क्लोराइड मिळून ८५ टक्क्यांच्या आसपास, बाकी सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. प्रवाळाचा सांगाडा त्या कॅल्शियमवर उभा राहतो. गंमत अशी की पाणी कुठल्याही महासागराचं घ्या, खारेपणा कमीजास्त भरेल, पण या घटकांचं आपसातलं प्रमाण जवळपास तेच. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभरातून आणलेले ७७ नमुने विल्यम डिटमारने तपासले आणि १८८४ साली हे पक्कं केलं. म्हणून पाकिटातलं तयार मीठ जळगावात चालतं. तापीच्या मागोमाग सुरतेपर्यंत जाऊन कॅन भरून आणायची गरज नाही. मीठ नेहमी पाण्यात टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतं. बादलीत पंप सोडून रात्रभर फिरू द्या. आधी दुधाळ, सकाळी नितळ. मग रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं यंत्र) ३५ बघून टाकीत.

पाणी तयार झालं की लगेच मासे आणायचे नाहीत. माशाच्या कल्ल्यांतून आणि सडलेल्या खाद्यातून अमोनिया निघतो, आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्यामुळे त्याचा गोड्या पाण्यापेक्षा मोठा वाटा विषारी रूपात राहतो. एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्रेट. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटच्या नळीत पिवळ्याचा हिरवा होतो तोवर अमोनिया आहे. तो पिवळा राहू लागला, नायट्राइटही शून्यावर आलं, की दोन क्लाउनफिश. आपल्याकडे नव्या टाकीतला मासा मेला की "घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं" असं म्हणायची पद्धत आहे, दुकानदारही मान डोलावतात, कारण दुसरा मासा खपतो. मासा अमोनियाने मेला. दुसरा आणून सोडलात तर तोही त्यानेच मरणार.

प्रवाळ घेताना कायदा लक्षात असू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी प्रवाळ आहेत, आणि किनाऱ्यावरून उचललेला मेलेला, वाळलेला तुकडाही त्यात येतो. समुद्रघोडाही तिथेच. टाकीत मांडायला सिरॅमिकचे सच्छिद्र दगड मिळतात, जिवाणूंना ते चालतात. मऊ प्रवाळांपैकी मश्रूम किंवा झोअँथिड घ्यायचे तर बिल आणि आयातीची कागदपत्रं मागा. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर नुसत्या माशांची टाकीही सुंदर दिसते.

आता जून. पहिला पाऊस पडतो, ४४ चे ३२ होतात, माणसं सुखावतात. हवा ३२ अंश, आर्द्रता ७५ टक्के: बाष्पदाब पुन्हा ३५ च्या वर, म्हणजे मुंबईच. पंखा फिरत राहतो आणि टाकी चढत राहते. या दिवसांत टाकीचे दिवे दुपारऐवजी रात्री लावा, खोलीत एसी असेल तर दिवसा चालवा, नसेल तर गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या आळीपाळीने टाकीत सोडा. बाष्पीभवन थांबल्यामुळे भरीचं पाणीही कमी लागतं, तेव्हा मेच्या सवयीने ओतत राहू नका, खारेपणा खाली जाईल.

याच दिवसांत वीजही जाते. २६ अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरला सहा-सात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, गोड्या पाण्यापेक्षा कमी, आणि पाणी तापेल तसा आणखी घटतो. पंप बंद पडला की पृष्ठभाग हलायचा थांबतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच; इन्व्हर्टर असेल तर फ्रिजच्या आधी टाकीचा पंप त्यावर घ्या.

आणि डिसेंबरात धुळ्याकडे पारा सहा-सातवर येतो तेव्हा हीटर लागतो. मोठा एक घेण्यापेक्षा निम्म्या वॉटचे दोन घ्या. हीटरचा थर्मोस्टॅट बिघडतो तेव्हा बऱ्याचदा चालू स्थितीत चिकटतो. मोठा एकच असला तर तो एका रात्रीत टाकी शिजवतो, लहान चिकटला तर सकाळपर्यंत पाणी दोन-तीन अंशच चढलेलं असतं आणि हात घालताच कळतं.