शरणागती (खानदेशातील वारकरी परंपरा)

आपण देवापासून वेगळे आहोत हा भ्रम गुरुबोधाने फिटला की ‘मी’पणाचा भार आपोआप उतरतो. या अवस्थेस वारकरी संप्रदायात शरणागती म्हणतात. पांचरात्र या प्राचीन वैष्णव परंपरेत तिची सहा अंगे मानली आहेत : अनुकूल वागण्याचा संकल्प, प्रतिकूलाचा त्याग, देव राखील हा विश्वास, रक्षक म्हणून त्याची निवड, आत्मसमर्पण व दैन्य. खानदेशात हा विचार रुजला तो मुख्यतः चांगदेव व मुक्ताबाई यांच्या कथेतून.

ज्ञानदेव वयाने लहान, ज्ञानाने थोर. तेव्हा मायना काय घालावा हे न सुचल्याने योगी चांगदेवाने कोरेच पत्र धाडले. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी 65 ओव्यांचे उत्तर लिहिले, तीच चांगदेव पासष्टी. दागिना झाल्याने सोन्याचे सोनेपण उणावत नाही. आरशात पाहणाऱ्याने पाहिलेले मुख त्याचेच असते. पाण्याचा ठाव घ्यायला गेलेले मीठ मागे उरत नाही, मग माप कोण घेणार? या युक्तिवादात शरण जाणारा व ज्याला शरण जायचे तो असे दोघे उरतच नाहीत. वाघ व चालत्या भिंतीचा प्रसंग कीर्तनांत रंगतो, पण पासष्टीत त्याचा मागमूस नाही.

चांगदेव नेमका कोण, हा प्रश्न सुटलेला नाही. पुणतांब्याच्या समाधीचा पारंपरिक काळ शके 1227 (इ.स. 1305) आहे, तर चांगदेवच मानल्या जाणाऱ्या चांगा वटेश्वराच्या तत्त्वसार ग्रंथाचा रचनाकाळ शके 1234 (इ.स. 1312) देतात. दोन्ही शक खरे धरल्यास व्यक्ती एक राहत नाही. चौदाशे वर्षांच्या आयुष्याची आख्यायिकाही एका नावाने वावरलेल्या योग्यांच्या मालिकेतून आली असावी, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. महानुभाव पंथाचे चांगदेव राऊळ निराळे; चाळीसगावजवळील पाटण येथील शके 1128 च्या शिलालेखाशी निगडित चांगदेव हा तर भास्कराचार्यांचा नातू, ज्योतिषी. तापी–पूर्णा संगमावरील चांगदेव गावचे मंदिर सामान्यतः बाराव्या-तेराव्या शतकातले मानतात. मात्र शैलीवरून योग्याचा काळ ठरवणे धाडसाचे होईल.

आचारात शरणागतीची खूण म्हणजे माळ. 108 मण्यांची तुळशीची माळ विठ्ठलाच्या पायांवर किंवा ज्ञानेश्वरीवर ठेवून ज्येष्ठ वारकऱ्याच्या हातून गळ्यात घालतात. मग मांस-मद्य वर्ज्य, एकादशी, नित्य हरिपाठ आणि वारी ही बंधने येतात. माळ तुटल्यास ती ओवून पुन्हा घालेपर्यंत किंवा दुसरी घालेपर्यंत अन्न घेत नाहीत. घामाने दोरा कुजतो, त्यामुळे वारीआधी तो बदललेला बरा. नवस फेडण्यासाठी घातलेली माळ जाणत्यांना कमी प्रतीची वाटते. देवाशी सौदा केला की देणारा आणि घेणारा पुन्हा वेगळे झालेच.

मुक्ताबाई शके 1219 (इ.स. 1297) मध्ये तापीकाठी मेहूण परिसरात विजेच्या लखलखाटात अंतर्धान पावल्या, अशी श्रद्धा आहे. मेहूण, कोथळी व मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) ही ठिकाणे त्यामुळे त्यांच्याशी जोडलेली आहेत. महाशिवरात्रीला चांगदेव व मुक्ताईनगर येथे यात्रा भरते. आषाढीसाठी निघणारी मुक्ताबाईंची पालखी सर्वांत लांब पल्ल्याच्या पालख्यांपैकी एक होय. अमळनेरला सखाराम महाराजांच्या संस्थानात भक्तीची परंपरा आहे, तर त्याच गावी 1916 मध्ये प्रताप शेठजींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिरात अद्वैताचे अध्ययन होत आले.