हजारातून बारा: एका छोट्या कन्व्हर्टरमागची मोठी गोष्ट

जानेवारी २०१५ मध्ये बडोद्याच्या कालव्यावर १० मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. उद्घाटनाला संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून आले होते. जमीन वाचते, पाण्याची वाफ कमी होते, हे सगळं तेव्हा छापून आलं. अशा प्रकल्पांतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी वस्तू मात्र फोटोत कधी दिसत नाही. ती इन्व्हर्टरच्या (पॅनेलांची वीज ग्रिडला चालेल अशी करणाऱ्या यंत्राच्या) पोटात असते आणि काडेपेटीहून फार मोठी नसते.

पॅनेलं एकापुढे एक जोडत गेलं की डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) लाइन हजार व्होल्टांपर्यंत चढते, अलीकडे तर दीड हजारापर्यंत. पण इन्व्हर्टरचं कंट्रोल कार्ड, रिले, पंखा चालतात बारा-पंधरा व्होल्टांवर, आणि त्यांना लागतात जेमतेम काही वॅट. हे बारा व्होल्ट त्या हजारातूनच काढायचे असतात. ते काढणारा छोटा कन्व्हर्टर म्हणजेच ती न दिसणारी वस्तू.

डीसीचा व्होल्टेज उतरवायचा कसा, या प्रश्नानेच १८८० च्या दशकात डीसीला हरवलं होतं. एडिसनच्या डीसीला गिऱ्हाइकाच्या दाराशी व्होल्टेज सहज उतरवता येईना, म्हणून वीज लांब नेता येईना. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी बंद गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर करून दाखवला आणि पारडं एसीकडे (दिशा सतत बदलणाऱ्या विजेकडे) झुकलं. पाच वर्षांनी, १८९० मध्ये, सयाजीराव महाराजांनी बडोद्यात कलाभवन उघडलं. हातांना यंत्राची विद्या देणारी ती शाळा या गावाच्या स्वभावात मुरली, असं मी मनापासून मानतो. पुढे बडोद्याच्या मकरपुरा या औद्योगिक भागात ट्रान्सफॉर्मरचे कारखाने उभे राहिले, १९७४ मध्ये विजेची उपकरणं तपासणारी 'एर्डा' ही संस्था इथेच स्थापन झाली.

पण ५० हर्ट्झच्या ट्रान्सफॉर्मरला एसीच हवा. शिवाय तो लहान केला तरी त्याचं खाणं त्या प्रमाणात लहान होत नाही: तीन वॅटचा ट्रान्सफॉर्मर पुढे काही न जोडताही एक-दीड वॅट खात बसतो. म्हणून स्वस्त वस्तूंत कपॅसिटर आला. २३० व्होल्टच्या लाइनमध्ये ०.४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर घातला की साधारण ३४ मिलिअँपिअर मिळतात, तेही फारसं न तापता. नाइट लॅम्पात आजही तोच असतो. त्यात लाइनपासून अलगपणा मात्र नाही, हात लावला तर थेट झटका. आणि डीसी तर तो पुढे जाऊच देत नाही.

खरी वाट टीव्हीतून आली. पिक्चर ट्यूबमधला किरण पडद्याच्या उजव्या कडेला पोचला की झटकन डावीकडे परततो, सेकंदाला १५,६२५ वेळा. त्या परतीच्या उडीला इंग्रजीत फ्लायबॅक म्हणतात. त्या क्षणी कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि तिच्यातूनच रंगीत ट्यूबला लागणारे पंचवीसेक हजार व्होल्ट काढत. टीव्ही दुरुस्त करणारे त्या ट्रान्सफॉर्मरला 'एलओटी' म्हणत. १५०० व्होल्ट सोसणारा 'बीयू २०८' ट्रान्झिस्टर दुरुस्तीवाल्यांच्या डब्यात हमखास असे. व्होल्टेज चढवायची तीच युक्ती उलटी वापरली की उतरवायची होते.

उतरवायला ती का लागते, हे एका हिशेबात कळतं. हजार व्होल्टांतून १२ व्होल्ट, ५० मिलिअँपिअर हवेत. रेझिस्टरने जिरवायचं तर ०.६ वॅटसाठी सुमारे ४९ वॅट जाळावे लागतील. साधा बक कन्व्हर्टर (ट्रान्सफॉर्मरशिवाय, स्विच भराभर चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा) घेतला तर स्विच १.२ टक्केच वेळ चालू ठेवायचा, म्हणजे १०० किलोहर्ट्झला फक्त ०.१२ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात स्विच धड चालूही होत नाही. फ्लायबॅक पद्धतीच्या कन्व्हर्टरमध्ये हे ओझं ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांतल्या वेढ्यांच्या गुणोत्तरावर टाकता येतं.

मकरपुऱ्यातल्या एका गाळ्यात मी असे ट्रान्सफॉर्मर गुंडाळले आहेत. फेराइटच्या (चुंबकीय सिरॅमिकच्या) गाभ्याच्या मधल्या पायात घासून काढलेली केसाएवढी फट असते, बहुतेक ऊर्जा त्या फटीतच साठते. प्रायमरी (वीज आत येते ती) आणि सेकंडरी (बाहेर जाते ती) गुंडाळीच्या मध्ये पिवळ्या मायलर टेपचे तीन थर. सुरुवातीला माझं कन्व्हर्टरचं कार्ड पुढे काहीही न जोडता तापायचं. चूक ट्रान्सफॉर्मरमध्ये सापडेना. शेवटी सापडली ती इनपुटला: ४५० व्होल्टचे तीन कपॅसिटर एकापुढे एक होते आणि व्होल्टेज सारखा वाटला जावा म्हणून प्रत्येकावर ४७० किलोओहम. हजार व्होल्टला ते तीन रेझिस्टरच ०.७ वॅट पीत होते. शिवाय कन्व्हर्टर सुरू होण्यासाठी लागणारा करंट देणारे रेझिस्टर वेगळे. तेही एकच मोठा लावून भागत नाही, कारण पाव वॅटचा साधा रेझिस्टर अडीचशे व्होल्टांच्या आसपासच सोसतो. वॅटचा हिशेब सगळे करतात, व्होल्टचा विसरतात.

१९९० च्या दशकात स्विचला हुकूम देणारा कंट्रोलर आणि ७०० व्होल्टचा मॉस्फेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) एकाच चिपवर आले. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने स्टँडबायसाठी (काम न करता नुसत्या प्लगला जोडलेल्या उपकरणासाठी) एक वॅटची मर्यादा सुचवली, आणि रिकामं बसून वीज खाणं हा दोष मानला जाऊ लागला. पण ७०० व्होल्ट चार्जरला पुरतात, सौर लाइनला नाही. तिथे स्विच बंद होताना हजारावर आणखी दोन-तीनशे चढतात. त्यासाठी दोन मॉस्फेट एकावर एक रचावे लागत. २०११ मध्ये १२०० व्होल्टचा सिलिकॉन कार्बाइड मॉस्फेट बाजारात आला, त्यानंतर १७०० व्होल्टचे आले आणि एकाच स्विचवर काम भागू लागलं.

एवढी काटकसर कशासाठी, ते पहाटे कळतं. उजाडताच पॅनेलांवर व्होल्टेज शेकड्यांनी चढतो, पण त्यात दम नसतो. तेव्हा करंट जेमतेम मिलिअँपिअरचा. छोट्या कन्व्हर्टरने सुरू होतानाच जास्त ओढलं की लाइन बसते, कार्ड बंद पडतं, लाइन पुन्हा चढते, कार्ड पुन्हा उठू पाहतं. रिलेची टकटक ऐकू येत राहते. कन्व्हर्टर कमी खाणारा असला तर रिले एकदाच वाजतो आणि इन्व्हर्टर कामाला लागतो.